फाटे फोडणाऱ्या मॅडम

‘अखेर शांत झाल्या बाई,’ असं मांजरी गावातल्या घुल्यांच्या अंगणात कुणीतरी म्हणालं आणि मला इतका राग आला की मी चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. घुले मॅडम आणि शांत! ज्या बाईला मी इतक्या वर्षांत एकदाही खुर्चीला टेकलेलं पाहिलं नव्हतं, तिच्याबद्दल हे बोलायचं म्हणजे आपण तिला ओळखत नव्हतो हे कबूल करणं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी तो राग काही गेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. बसले आहे, हेही त्यांना आवडलं नसतं.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती आणि मी तिथे पीएच.डी. करत होते. संस्थेने त्यांना चांगली गुबगुबीत, फिरती खुर्ची दिली होती. त्या खुर्चीवर त्यांची पर्स बसायची, छत्री बसायची, ओला रेनकोट बसायचा. मॅडम उभ्या. त्या उभ्याने वाचायच्या, उभ्याने सह्या करायच्या आणि दुपारी डबा हातात धरून जेवत जेवत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. मीटिंगमध्ये आम्ही मुलं खुर्च्यांवर आणि त्या आमच्या पाठीमागून येरझाऱ्या घालणार. त्यांच्याकडे बघून बोलायचं तर मान सारखी वळवावी लागे. आमच्यातल्या निम्म्या लोकांची मानदुखी तेव्हापासूनची आहे, असा माझा पक्का संशय आहे.

बोलणंही त्याच चालीचं. माशांच्या खाण्यापासून सुरू झालेली गोष्ट नळदुरुस्तीवाल्याकडे जायची, तिथून त्याच्या मुलीच्या दहावीकडे, तिथून गणिताच्या पुस्तकाकडे, आणि आम्ही सगळे हरवल्यावर अचानक पुन्हा माशांच्या खाण्याकडे. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. अशाच एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, “मॅडम, विषयाला फार फाटे फुटतायत.” पेठेत वाढलेल्या माणसाची जीभ अशीच असते, तिला वेळकाळ नसतो. सगळे एकदम आपापल्या वह्यांत बघायला लागले. मॅडम माझ्या मागे येऊन थांबल्या.

“अगं पेठकरणी,” त्या म्हणाल्या, “तुझ्या डोळ्यातून निघालेल्या तंतूंना फाटे फुटले नसते, तर मी तुला दिसलेच नसते. बरं झालं असतं म्हणा तुझं.”

त्या दिवसापासून माझं नाव पेठकरीण. पुढे माझं लग्न झालं, मी वारज्याला राहायला गेले, नोकरीला हिंजवडीला लागले, तरी फोनवर पहिला शब्द तोच.

फाटे हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. डोळ्याच्या पडद्यापासून मज्जातंतू निघतात आणि मेंदूपर्यंत जातात. पोचतात तेव्हा ते दोऱ्यासारखे सरळ, साधे असतात. तिथे त्यांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि ते मेंदूतल्या पेशींशी जाऊन जोडले गेले की मग जीवाला नीट दिसायला लागतं. कुठे फुटायचं आणि केव्हा फुटायचं हे त्या तंतूला कळतं कसं, हा मॅडमचा प्रश्न. आसपासच्या पेशी काही रेणू सोडतात, त्यांच्यावरून त्याला कळतं. सगळं जग याला सिग्नल म्हणतं. मॅडम सांगावा म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी मांजरीत त्यांच्या घरी फोन नव्हता, कुणाला बोलवायचं तर त्या बाजूला जाणाऱ्या माणसाबरोबर सांगावा धाडायचा. “सांगावा वेळेत पोचला तर कामाचा,” त्या म्हणायच्या, “नाहीतर लग्न लागून गेल्यावर येऊन काय करणार पाहुणा?”

आमच्याकडे झेब्राफिश नावाचे मासे होते. त्यांची पिल्लं डोळ्यांत भरतील एवढीही नसतात, पण अंगाने काचेसारखी पारदर्शक. एखाद्याच तंतूत चमकणारं प्रथिन आणायचं, पिल्लू मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे आणि ते जोडून फिल्म करायची. ती फिल्म मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं होतं की फाटा म्हणजे झाडाची फांदी, फुटली की वाढणार. तसं नव्हतं. फाटा बाहेर यायचा, चाचपडायचा आणि मागे जायचा. शेजारून दुसरा यायचा, तोही मागे. बहुतेक सगळे मागेच जायचे. ज्याला जोडीदार भेटला आणि सांगावा येत राहिला, तेवढाच टिकायचा. एका विशिष्ट प्रथिनाचा सांगावा आम्ही वाढवला की तंतू झाडासारखा भरून यायचा. तो अडवला की तंतू मुक्कामाला पोचलेला, पण उघडाबोडका. मॅडम पडद्यासमोर उभ्या राहून ती फिल्म पुन्हा पुन्हा लावायच्या आणि म्हणायच्या, “बघ, कसे तळमळतायत.” त्या स्वतःही त्या वेळी या पायावरून त्या पायावर होत असायच्या.

एका गोष्टीने मात्र त्यांना छळलं. हेच प्रथिन मोठ्या झालेल्या माशाला दिलं की फारसं काही घडायचं नाही. सांगावा तोच, तंतू तोच, पण घरात कुणी नसल्यासारखं. “मेल्यांना आता ऐकू कसं येत नाही?” असं त्या माशांच्या टाकीपुढे उभ्या राहून विचारायच्या. हा प्रश्न फक्त माशांचा आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

एकदा एका व्याख्यानमालेत त्यांनी हा विषय मराठीतून मांडला. सभागृह आपल्या नेहमीच्या श्रोत्यांनी भरलेलं, म्हणजे निवृत्त, स्वेटर घातलेले आणि चूक शोधायला आलेले. व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. त्यांनी आधी विषय छान असल्याचं सांगितलं, मग म्हणाले, “परंतु बाई, आपण सतत ‘फाटा’ म्हणत होतात. फाटा रस्त्याला असतो. मज्जातंतूला शाखा असते.”

“शाखा बँकेला असते,” मॅडम म्हणाल्या. “ती बंद करायची तर हेड ऑफिसला विचारावं लागतं. माझ्या तंतूला कुणी विचारत नाही. उपयोग झाला नाही की तो त्या वाटेला फाटा देतो आणि दुसरीकडे फोडतो. आता फुटण्याला आणि सोडून देण्याला एकच शब्द आपल्या भाषेने आयता दिलाय, तो मी का सोडू?”

गृहस्थ बसले. मॅडम अर्थातच व्याख्यानभर व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या आणि माइकवाला वायर सोडवत त्यांच्या मागे.

रविवारी त्या मांजरीला जायच्या. घुल्यांची तिथे उसाची शेती होती. त्यातली बरीचशी आता बिल्डरकडे गेली होती आणि जिथे पूर्वी पाटाचं पाणी खळखळायचं, तिथे टॉवरचे खांब उभे राहत होते. धाकटा भाऊ नाना, त्याचा मुलगा, सून आणि नात आरोही असं घर होतं. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

गावाची मात्र एक ठाम समजूत होती, की घुल्यांची अक्का डोळ्याची डॉक्टर आहे. डोळ्यांवर काम करते आणि नावामागे डॉक्टर लावते, म्हणजे दुसरं काय असणार? रविवारी सकाळी ओसरीवर मोतीबिंदूवाले, रांजणवाडीवाले, चष्म्याची काडी मोडलेले असे सगळे येऊन बसायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा हे पाहिलं. मॅडम प्रत्येकासमोर उभ्या राहून सांगत होत्या, की मी माशांची डॉक्टर हाय, माणसांची न्हाई. एक म्हातारा समजूतदारपणे म्हणाला, “आसू दे. माशाचा डोळा ह्यापरीस बारीक. आमचा तर मोठा हाय.” मॅडमनी मुकाट्याने त्याला टॉर्च मारून पाहिलं आणि शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता त्याच्या मुलाला तोंडपाठ करायला लावला.

तिथेच आरोहीचं कळलं. ती तेव्हा पहिलीत होती. ओसरीवरची गर्दी बघून ती डॉक्टर-डॉक्टर खेळत होती आणि मॅडमनी तिला कागदाची सुरळी करून दुर्बीण दिली होती. पोरीने ती उजव्या डोळ्याला लावली आणि आम्हाला सगळ्यांना तपासलं. मॅडम म्हणाल्या, आता डाव्या डोळ्याने बघ. तिने सुरळी डाव्या डोळ्याला लावली, उजवा मिटला, इकडे तिकडे फिरवली आणि जमिनीवर टाकून दिली.

“आत्या, ही मोडली,” ती म्हणाली. बाप आत्या म्हणतो म्हणून तीही आत्याच म्हणायची.

मॅडमनी सुरळी उचलली. पुन्हा उजव्या डोळ्याला लावायला सांगितली, पुन्हा डाव्या. पुन्हा मोडली. आजूबाजूचे हसत होते. मॅडम हसत नव्हत्या. निघण्याआधी त्यांनी दवाखान्याचा तोच पत्ता पोरीच्या बापालाही तोंडपाठ करायला लावला.

दवाखान्यात निदान झालं, आळशी डोळा. डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून जास्त, तो कुणाच्या लक्षात आला नाही, म्हणून मेंदूने उजव्याचंच ऐकायची सवय लावून घेतली. डोळा धड, तंतू धड, पण मेंदूत त्याला फारसं कुणी विचारत नाही. उपाय सोपा. चष्मा लावायचा आणि रोज काही तास उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. पण हे लहान वयातच चांगलं साधतं. वय वाढत गेलं की कठीण होत जातं.

मॅडमच्या टाकीतला प्रश्न असा त्यांच्या घरात येऊन उभा राहिला. त्यानंतर त्यांची जी तगमग सुरू झाली ती मी विसरणार नाही. प्रयोगशाळेत त्या माशांची फिल्म बघता बघता मध्येच फोन लावायच्या, “लावली का पट्टी?” पलीकडून काहीतरी कारण यायचं. पाहुणे आलेत, शाळेत फोटो आहे, ताप आहे. पोरीला शाळेत आळशी म्हणून चिडवत होते. तिला वाटलं हे आपल्यालाच रागावणं आहे. “मी आळशी नाहीये, मी माझं दप्तर मीच भरते,” असं ती रडून रडून सांगायची आणि पट्टी ओरबाडून काढायची. घरातलं कुणीच तिला ती पुन्हा लावायला राजी नव्हतं. नानांचा तर उघड विरोध होता.

शेवटी मॅडम एका रविवारी मला घेऊनच मांजरीला गेल्या. नाना ओसरीवर बसले होते. चांगला माणूस, पण हट्टी. घुल्यांच्या घरात ते पीक बारमाही येतं.

“अक्का, चांगला डोळा झाकायचा आन्‌ अधू डोळ्यावर पोर सोडायची, ही कुठली डॉक्टरी? पडली-झडली म्हंजी?”

मी मनात म्हटलं, आता रेणू, आता तंतू, आता दोन तासांचं व्याख्यान. मॅडम अंगणात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“नाना, संभाजीनं आपला बांध कोरला तवा किती वर्सं तुला कळलं न्हाई?”

संभाजी म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. दोन शेतांमधला बांध त्याने दरसाल नांगरताना थोडा थोडा कोरून आपल्यात घेतला होता आणि त्यावरून नानांनी आयुष्याची चांगली वर्षं कोर्टात घालवली होती. नानांचा चेहराच बदलला.

“त्याचं हितं काय?”

“तेच हाय. दोन डोळ्यांची मेंदूत शेजारी-शेजारी रानं अस्त्यात. उजवा दांडगा. त्यानं आपले फाटे डाव्याच्या रानात घातले. डाव्याला कुणी खतपाणी घातलं न्हाई, तो मागं सरला. आळशी न्हाई तो. त्याला जागाच ऱ्हायली न्हाई. आत्ता पोर ल्हान हाय, बांध मातीचा हाय, सरकतोय. दगड बसले की मंग संपलं.”

नानांनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

“म्हंजी उजव्याला थोडा येळ कोंडायचा.”

“डाव्याला आपलं रान नांगरून घेऊ द्यायचं.”

नाना उठून आत गेले. पोरीची समजूत कशी घातली ते मला माहीत नाही, पण बाहेर आले तेव्हा आरोही त्यांच्या कडेवर होती आणि उजव्या डोळ्यावर पट्टी होती. “ह्या डोळ्यानं बांध कोरलाय,” ती मला गंभीरपणे म्हणाली. माझे पेपर छापून आले आहेत, पण त्या प्रश्नाचं इतकं थोडक्यात उत्तर मी अजून कुठे वाचलेलं नाही.

एकटीने पट्टी लावायची तिची तयारी नव्हती. मॅडमनी शब्द दिला, की तू लावशील तोवर मीही लावीन. आणि त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या कामाची पाहणी करायला बाहेरचे तज्ज्ञ आले. मॅडम उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवून उभ्या. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे त्यांनी पाहुण्यांचा चहा कपाबरोबरच बशीत आणि एकाच्या फायलीवरही ओतला. त्या गृहस्थांनी फाइल झटकत काळजीने विचारलं, की डोळ्याला काही झालंय का. “डोळा ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या, “शब्द दिलाय.” पुढे एक अक्षर सांगितलं नाही. ज्या गोष्टीला त्यांनी फाटे फोडले नाहीत, अशी ती एकच.

काही महिन्यांनी मांजरीहून पेढे आले. दवाखान्यात आरोहीने डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी घडाघडा वाचल्या होत्या. घरात आनंदीआनंद, पट्टीचा डबा माळ्यावर गेला. मॅडमनी पेढा हातात घेतला आणि तोंडात घालायच्या आधी म्हणाल्या, “घडाघडा? कसं घडाघडा?” त्या तशाच मांजरीला गेल्या. तोच तक्ता त्यांनी मोबाइलवर घेतला आणि तिला उजवा डोळा झाकून खालून वर वाचायला सांगितला. पोरीला खालची एकही ओळ आली नाही. आधीच्या मुलांचं ऐकून ऐकून तिला सगळा तक्ता वरून खाली पाठ झाला होता. मॅडम तिला रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “मी घाबरले गं. वेळ चाललाय.” त्यांच्या तोंडून घाबरले हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पट्टीचा डबा माळ्यावरून खाली आला. त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या आणि मांजरीलाच राहायला गेल्या. मी हिंजवडीच्या नोकरीत अडकले. फोन व्हायचे, ते धावते. पाठ होणार नाही असा तक्ता मिळालाय, एवढं त्या मोठ्या खुशीत म्हणाल्या होत्या.

तो तक्ता मी पाहिला. एका शनिवारी मी त्यांना भेटायला स्कूटरवरून निघाले होते. मांजरी फाट्याला सिमेंटच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, म्हणून मी कडेला थांबले. समोरच्या बाजूला मॅडम आणि आरोही. तिथे ओळीने होर्डिंगं लागलेली, नव्या टॉवरांची. घुल्यांचा ऊस जिथे होता, तिथलीच. दर थोड्या दिवसांनी ती बदलतात, त्यामुळे पाठ करायची सोयच नाही. आरोहीच्या डोळ्यावर पट्टी होती, वर चष्मा होता, आणि ती मान वर करून वाचत होती. मॅडम तिच्यामागे येरझाऱ्या घालत होत्या, रस्त्याची धूळ उडवत. मध्ये वाहनं इतकी होती, की मला पलीकडे जाता येत नव्हतं.

मोठी अक्षरं तिने पटापट वाचली. स्वप्नातलं घर. टू बीएचके. मग मॅडमनी बोटाने अगदी खाली दाखवलं. मी उजव्या-डाव्या दोन्ही डोळ्यांनी बघत होते, आणि मला तिथे काही लिहिलंय हे पहिल्यांदा दिसलंच नाही. पोरगी एक पाऊल पुढे गेली. मॅडमनी तिला खांद्याला धरून परत मागे आणलं. ती थांबली. डोकं तिरकं केलं, सरळ केलं. एक ट्रक मध्ये येऊन गेला आणि त्याच्यामागून तिचा आवाज आला, शाळेतल्यासारखा, तुटक.

“अ. टी. ला. गू.”

मॅडम थांबल्या. मग त्या खाली बसल्या. तिथेच, फुटपाथच्या कडेच्या धुळीने भरलेल्या दगडावर, साडीची पर्वा न करता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, की ताई, गाडी बाजूला घ्या.

आरोहीने त्यांचा पदर ओढला. “आत्या, अटी म्हणजे काय?”

मॅडम काय म्हणाल्या ते हॉर्नच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी गाडी बाजूला घेऊन मान वळवली, तेव्हा त्या उठल्या होत्या आणि पोरीचा हात धरून पुढच्या होर्डिंगकडे भराभरा चालत निघाल्या होत्या.